मोठ्या संख्येची विभाज्यता: कसोट्या आल्या कुठून?

शिष्यवृत्तीची तयारी सुरू झाली की मुंबईतल्या मराठी शाळांच्या भिंतींवर विभाज्यतेचा तक्ता लागतो. २ साठी एकक स्थान बघा, ३ साठी अंकांची बेरीज करा, ४ साठी शेवटचे दोन अंक घ्या, असं करत तो ११ पर्यंत जातो आणि थांबतो. बऱ्याच तक्त्यांत ७ ची जागा रिकामी असते. पुढे ७२, १३, ३७ किंवा ९७ ने भाग जातो का असं विचारलं की मुलं एकतर सरळ भागाकार मांडतात, नाहीतर तक्त्यातली एखादी युक्ती ओढूनताणून लावतात. ११ नंतरच्या संख्यांसाठी कसोट्या नाहीत असं मुळीच नाही. त्यांची दोन वेगळी कुळं आहेत, ती वेगवेगळ्या कामांसाठी जन्मली, आणि वर्गात ती एकाच रांगेत शिकवली जातात. घोटाळा तिथे होतो.

पहिलं कूळ पडताळ्याचं. धूळपाटीवर गणित करायचं तर जागा कमी, म्हणून मधले आकडे पुसत पुढे जावं लागे. उत्तर हाती आलं तरी चूक कुठे झाली हे मागे जाऊन बघायची सोय नसे. त्यावरचा उपाय म्हणजे संख्यांऐवजी त्यांच्या बाक्यांवर तेच गणित करून बघायचं. इसवी सन ९५० च्या सुमाराला दुसऱ्या आर्यभटाने ९ ची बाकी घेऊन गुणाकार-भागाकार तपासायची रीत दिली. नारायण पंडिताने १३५६ मध्ये ती आणखी मोकळी केली: ९ च कशाला, मनाला येईल तो भाजक घ्या, गुण्य आणि गुणकाच्या बाक्यांचा गुणाकार करा, त्याची पुन्हा बाकी काढा आणि ती उत्तराच्या बाकीशी ताडून बघा. या एका वाक्यात आजच्या सगळ्या कसोट्यांचं बीज आहे, पण शाळेत ते ९ पाशीच अडकून राहिलं.

उदाहरण घेऊ. ९ ची बाकी काढायला अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची. ३४७ × २८ = ९७१६. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, तिची ५. २८ ची १०, तिची १. पाच एके पाच. ९७१६ च्या अंकांची बेरीज २३, तिचीही ५. जुळलं. आता उत्तर लिहिताना अंक उलटे पडले आणि ९१७६ झालं, तरी बेरीज २३ च. ९ च्या पडताळ्याला ही चूक दिसतच नाही. ११ ला दिसते. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवायचे आणि वजा करायचे: ३४७ ची बाकी ७ − ४ + ३ = ६, २८ ची ८ − २ = ६. सहा सक छत्तीस, ३६ ची ११ ने बाकी ३. ९७१६ ची ६ − १ + ७ − ९ = ३, बरोबर. ९१७६ ची मात्र −९, म्हणजे ११ मिळवून २. चूक पकडली गेली.

९ चा हा आंधळेपणा हिशेबनिसांच्या मात्र पथ्यावर पडतो. पेढीवर ताळेबंद जुळेना आणि फरक ९ च्या पटीत आला, तर आधी उलटे पडलेले अंक शोधायचे. फरक ३६० असेल तर ३६० ÷ ९ = ४०, म्हणजे शतक आणि दशक स्थानच्या अंकांची अदलाबदल झाली असावी आणि त्या अंकांत ४ चा फरक असावा. ५,८४० ऐवजी ५,४८० लिहिले गेले असतील. विभाज्यता कशाला शिकायची असं विचारणाऱ्या मुलाला हे एक उदाहरण पुरतं.

बाकी टिकवणारी आणखी एक जुनी रीत ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात आहे. शेत पडीक ठेवायचं सातवं वर्ष ओळखण्यासाठी वर्षाच्या आकड्यातली शतकं दुप्पट करायची आणि उरलेल्या वर्षांत मिळवायची. कारण साधं आहे: ९८ हा ७ च्या पाढ्यात (चौदा साते) येतो, म्हणून दर शंभरामागे २ उरतात. मोठ्या भाजकांसाठी ही शंभराची रीत फार कामाची आहे आणि वर्गात तिला जवळपास जागाच नाही. ९७ साठी दर शंभरामागे ३ उरतात. १५४२३ घ्या: १५४ × ३ + २३ = ४८५. पुन्हा ४ × ३ + ८५ = ९७. भाग गेला. १७ साठी १०२ (सहा सतरं) वापरायचा, म्हणून शतकांची दुप्पट वजा करायची: २८७३ मध्ये ७३ − ५६ = १७. १९ साठी ९५ आहे, म्हणजे शतकांची पाचपट मिळवायची. भाजकाच्या पाढ्यात १०० च्या आसपासची संख्या सापडली की कसोटी तयार.

यामागचा सर्वसाधारण नियम १६५४ च्या सुमारास फ्रेंच गणिती पास्कलने मांडला. तो छापून आला १६६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. १, १०, १००, १००० यांना भाजकाने भागून बाक्यांची यादी करायची आणि एकक स्थानापासून प्रत्येक अंकाला त्या त्या बाकीने गुणायचं. ७ साठी यादी १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा पहिल्यापासून. ६१७४ ला लावून बघा: ४×१ + ७×३ + १×२ + ६×६ = ६३. तक्त्यातली रिकामी जागा भरली. ३ आणि ९ ची यादी १, १, १ अशीच राहते म्हणून नुसती बेरीज पुरते. ४ च्या यादीत तिसऱ्या जागेपासून पुढे शून्यच, म्हणून शेवटचे दोन अंक. तक्त्यातल्या सगळ्या ओळी याच एका नियमाच्या आहेत. जर्मन गणिती गाउसने १८०१ मध्ये ‘सारखी बाकी’ या कल्पनेला स्वतंत्र चिन्ह दिलं आणि तेव्हापासून ही रीत दोन ओळींत सिद्ध होते.

६१७४ हा आकडा उगाच घेतलेला नाही. तो द. रा. कापरेकरांचा स्थिरांक: सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येतो. डहाणूत १९०५ मध्ये जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद संख्या’ हे नाव दिलं. ६१७४ त्यांतलीच: अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ = १८ × ३४३. त्यांच्या ‘डेमलो’ संख्यांचं नाव तर जीआयपी रेल्वेवरच्या (आजच्या मध्य रेल्वेवरच्या) एका स्टेशनावरून आलं. तेच आजचं डोंबिवली. त्या संख्या १११, ११११ अशा नुसत्या एकांच्या संख्यांशी जोडलेल्या आहेत, आणि मोठ्या भाजकांच्या सगळ्यांत सोप्या कसोट्याही तिथूनच निघतात. ९९९ = २७ × ३७, म्हणून २७ किंवा ३७ साठी तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज. ९९९९९ = ९ × ४१ × २७१, म्हणून ४१ आणि २७१ साठी पाच-पाचचे गट. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून या तिघांसाठी तीन-तीनचे गट आळीपाळीने मिळवायचे आणि वजा करायचे. १०००१ = ७३ × १३७, तिथे चार-चारचे.

मराठी वर्गात इथे एक खास अडचण येते. आपला स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतो. ५,२३,७०,६४३ ही संख्या फळ्यावर अशी लिहिली की मुलं स्वल्पविरामांनाच गट समजतात आणि ६४३ − ७० + २३ − ५ = ५९१ काढतात. ५९१ ला १३ ने भागलं की ६ उरतात, म्हणून ‘भाग जात नाही’ असं उत्तर येतं. खरे गट ५२ | ३७० | ६४३ असे आहेत: ६४३ − ३७० + ५२ = ३२५, म्हणजे १३ × २५. भाग जातो, ७ आणि ११ ने मात्र नाही. लाख-कोटीचे स्वल्पविराम आधी पुसा, उजवीकडून तीन-तीन अंकांवर उभ्या रेघा मारा, मगच हिशेब करा. वजाबाकी ऋण आली तर १००१ मिळवायचे, चिन्ह गाळायचं नाही.

दुसरं कूळ शेपटीचं. शेवटचा अंक तोडायचा, त्याला एका ठरावीक संख्येने गुणायचं आणि उरलेल्या संख्येत मिळवायचं. १९ साठी दुप्पट: ६७८३ → ६७८ + ६ = ६८४ → ६८ + ८ = ७६ → ७ + १२ = १९. गुणक शोधायला भाजकाची ९ ने संपणारी पट घ्यायची, तिचा ९ काढून उरलेल्यात १ मिळवायचा. १३ ची पट ३९, गुणक ४. २३ ची ६९, गुणक ७. ७३ ची २१९, गुणक २२. खरं तर १० च्या कोणत्या पटीला भाजकाने भागलं की १ उरतो, एवढाच हा प्रश्न आहे, आणि तो सोडवायची ‘कुट्टक’ रीत पहिल्या आर्यभटाने ४९९ मध्येच दिली होती.

आजच्या क्लासेसमध्ये ही युक्ती ‘वेष्टन’ म्हणून शिकवतात. ते नाव पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या वैदिक गणितावरच्या पुस्तकातलं. ते १९६५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी आलं. त्यातली सूत्रं अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत सापडत नाहीत हे प्रस्तावनेतच नोंदलेलं आहे. ‘वैदिक’ या विशेषणाची तपशीलवार चिकित्सा १९९३ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणिती श्री. गो. दाणी यांनी केली. युक्ती बरोबर आहे, वंशावळ चुकीची.

पण वर्गातला खरा धोका नावाचा नाही. शेपटीची रीत भाग जातो की नाही एवढंच सांगते, बाकी सांगत नाही. २१ ला १९ ने भागलं तर २ उरतात; शेपटीने २ + २ = ४ येतात. प्रत्येक पायरीला बाकी दुप्पट होत जाते. ‘कोणती लहानात लहान संख्या मिळवली म्हणजे १९ ने भाग जाईल?’ या नेहमीच्या प्रश्नाला मूल शेपटी लावतं आणि हमखास चुकतं. तिथे शंभराची रीतच हवी. शिवाय शेपटी चालते फक्त १, ३, ७, ९ ने संपणाऱ्या भाजकांना.

संयुक्त भाजकांचं थोडक्यात. अवयव सहमूळ हवेत, म्हणजे १ सोडून दोघांना भाग जाणारी संख्या नको. २४ साठी ४ आणि ६ घेतले तर १२ फसवतो: दोन्हींनी भाग जातो, २४ ने नाही. घ्यायचे ३ आणि ८. तसंच ७२ साठी ८ आणि ९. ५अ४७ब ला ७२ ने भाग जायला हवा असेल तर आधी ८: ४७ब म्हणजे ४७२, ब = २. मग ९: ५ + अ + ४ + ७ + २ = १८ + अ, म्हणून अ = ० किंवा ९. मुलं ९ लिहितात आणि ० विसरतात. ५०४७२ = ७२ × ७०१ आणि ५९४७२ = ७२ × ८२६, दोन्ही बरोबर.

सरावाला फोर्टातल्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं चांगली. २००७ च्या आधीच्या पुस्तकावर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असेल तर तो दहा अंकी असतो. डावीकडून अंकांना १०, ९, ८ … १ ने गुणून बेरीज केली की तिला ११ ने भाग जायलाच हवा. शेवटी ‘एक्स’ असेल तर तो १० धरायचा. भाजक मूळ संख्या आहे आणि सगळे गुणक तिच्याहून लहान आणि वेगवेगळे आहेत, म्हणून एक अंक चुकला किंवा कोणत्याही दोन अंकांची अदलाबदल झाली तरी ते पकडलं जातं. नव्या तेरा अंकी क्रमांकात गुणक आळीपाळीने १ आणि ३, भाजक १०. तिथे शेजारच्या १ आणि ६ ची अदलाबदल झाली तर बेरजेत १० चाच फरक पडतो आणि चूक तशीच निसटते.