फ्रान्सिया, होसे गास्पार रोद्रिगेस दे

(६ जानेवारी १७६६ – २० सप्टेंबर १८४०). पॅराग्वेच्या स्वातंत्र्याचा प्रमुख शिल्पकार आणि १८१४ पासून मृत्यूपर्यंत त्या देशाचा सर्वाधिकारी. स्पेनविरुद्ध दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे बोलीव्हार, सान मार्तीन हे त्याचे समकालीन सेनानी. फ्रान्सियाने मात्र आयुष्यात एकही लढाई लढली नाही. त्याची हत्यारे म्हणजे कायद्याची कलमे, हिशेबाच्या वह्या आणि तुरुंग.

वडील ब्राझीलमधून तंबाखूच्या लागवडीतले जाणकार म्हणून आले आणि पुढे याग्वारोन या ग्वारानी (तेथील मूळ रहिवासी) वस्तीचे प्रशासक झाले. मुलाला पाद्री करायचे म्हणून कोर्दोबाच्या विद्यापीठात धाडले; तेथून १७८५ मध्ये तो धर्मशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतला. पॅराग्वेची राजधानी असुन्सिओन येथील सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, त्याने काही काळ शिकवले, पण रूसो-व्हॉल्तेअर वाचणारा हा मास्तर तेथे फार दिवस टिकला नाही. मग त्याने वकिली धरली. गरिबांची प्रकरणे घेणारा, लाच न खाणारा वकील अशी त्याची ख्याती झाली आणि राजकारणात हीच पुंजी कामी आली. १८०९ मध्ये तो असुन्सिओनच्या काबिल्दोचा, म्हणजे नगरसभेचा, पहिल्या क्रमांकाचा दंडाधिकारी झाला.

मे १८१० मध्ये ब्वेनोस आयरेसने (आजच्या अर्जेंटिनाची राजधानी) स्पॅनिश व्हाइसरॉयला, म्हणजे स्पेनच्या राजाच्या प्रतिनिधीला, हटवले आणि पॅराग्वेनेही आपल्यामागे यावे असा आग्रह धरला. पॅराग्वेने नकार दिल्यावर मानुएल बेल्ग्रानोच्या हाताखाली फौज आली. १८११ च्या जानेवारीत पाराग्वारी आणि मार्चमध्ये ताक्वारी येथे स्थानिक सैन्याने तिला हरवले. परक्या फौजेशी आपण एकट्याने दोन हात करू शकतो हे कळल्यावर स्पॅनिश गव्हर्नर व्हेलास्को तरी कशाला हवा, हा प्रश्न ओघाने आलाच. १४-१५ मे १८११ च्या रात्री पेद्रो हुआन काबाल्येरो आणि त्याच्या साथीदारांनी छावणी ताब्यात घेऊन गव्हर्नरला नमवले.

बंड सैनिकांचे, पण राज्यकारभार कुणालाच ठाऊक नव्हता. खलिता लिहायचा कसा, तहात कोणते कलम धोक्याचे, हे जाणणारा माणूस एकच होता, फ्रान्सिया, आणि आपल्यावाचून अडते हे त्याला पुरते माहीत होते. सरकारी मंडळाशी बिनसले की फ्रान्सिया राजीनामा देऊन शहराबाहेरच्या इबिराय येथील मळ्यावर जाऊन बसे. काम अडले की मंडळी त्याला परत बोलावीत आणि प्रत्येक वेळी तो अधिक अधिकार मागून घेई. रुसून बसण्याचे राजकारण इतक्या चोखपणे साधणारे थोडेच.

१८१३ च्या अधिवेशनाला हजाराहून अधिक प्रतिनिधी जमले. त्यांत खेड्यापाड्यांतले शेतकरी बहुसंख्य होते. ब्वेनोस आयरेसच्या परिषदेला प्रतिनिधी पाठवायचे नाहीत असे ठरले आणि १२ ऑक्टोबरला प्रजासत्ताकाची घोषणा झाली. प्राचीन रोमच्या धर्तीवर बंडातला सेनानी फुल्हेन्सिओ येग्रोस आणि फ्रान्सिया असे दोन कॉन्सल, म्हणजे जोडीने कारभार पाहणारे प्रमुख, नेमले. चार-चार महिन्यांनी पाळी. त्यांच्यासाठी दोन खुर्च्या बनवल्या, एकीवर ‘सीझर’ आणि दुसरीवर ‘पॉम्पी’ (सीझरने हरवलेला त्याचा प्रतिस्पर्धी) असे लिहिले. फ्रान्सिया अर्थातच सीझरच्या खुर्चीवर बसला. वर्षभरात, ऑक्टोबर १८१४ मध्ये, तो पाच वर्षांसाठी एकटा सर्वाधिकारी झाला आणि जून १८१६ मध्ये तहहयात. त्यानंतर तो जिवंत असेपर्यंत अधिवेशन भरलेच नाही.

१८२० मध्ये त्याच्या खुनाचा कट उघडकीस आला. कटवाल्यांपैकी एकाने पाद्र्यापुढे पापनिवेदन केले आणि तेथून बातमी फुटली. काबाल्येरोने जुलै १८२१ मध्ये कोठडीत आत्महत्या केली. त्याच महिन्यात येग्रोसला गोळ्या घातल्या. स्वातंत्र्याचे मूळ शिलेदार असे त्या स्वातंत्र्याच्याच तुरुंगात संपले. स्पॅनिश व्यापाऱ्यांना डांबून जबर दंड वसूल करण्यात आला. युरोपीय पुरुषांना गोऱ्या स्त्रियांशी लग्न करायला १८१४ पासूनच बंदी होती. त्यामुळे जुनी उच्चभ्रू घराणी पिढीभरात विरली. मठ १८२४ मध्ये बंद झाले. चर्चची व जप्त केलेली जमीन सरकारजमा झाली. तिचा काही भाग शेतकऱ्यांना माफक खंडाने दिला, काहीवर ‘एस्तान्सियास दे ला पात्रिया’ ही सरकारी गुरांची कुरणे उभी राहिली. लष्कराला मांस आणि कातडे तेथून मिळे.

फ्रान्सियाने देशाला कुलूप लावले, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे. समुद्राकडे जाणारी नदीची वाट ब्वेनोस आयरेसच्या हातात होती आणि पॅराग्वेला प्रांत समजणाऱ्या त्या शहराने ती वारंवार अडवली. तेव्हा फ्रान्सियाने व्यापार मोजक्या ठिकाणी एकवटला. दक्षिणेला इतापुआ येथे ब्राझिली व्यापारी माल आणत आणि येर्बा माते (चहासारख्या पेयाची पाने) व तंबाखू घेऊन जात; परवाने सर्वाधिकाऱ्याच्याच सहीने. माणसांची ये-जा मात्र खरोखरच बंद होती. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बाँप्लाँ सीमेजवळ येर्बाची लागवड करू लागला, तर १८२१ मध्ये त्याला पकडून आणले आणि सुमारे नऊ वर्षे अडकवून ठेवले. बोलीव्हारने त्याच्यासाठी रदबदली केली. फ्रान्सियाने ती मनावर घेतली नाही. उलट उरुग्वेचा पराभूत नेता आर्तिगास, जो एके काळी त्याचा शत्रूच, १८२० मध्ये आश्रयाला आला, तेव्हा त्याला कुरुग्वाती येथे सरकारी निर्वाहवेतनावर राहू दिले.

तो अविवाहित होता, राहणी साधी. मंजूर पगारातला मोठा भाग त्याने घेतलाच नाही. बारीकसारीक सरकारी खर्चही स्वतः तपासायचा. ग्वारानी बोलणारे लोक त्याला ‘काराई ग्वासू’, म्हणजे थोर धनी, म्हणत. एकदा टोळधाडीने पीक बुडाल्यावर त्याने पुन्हा पेरणी करायला लावली. त्यातून वर्षात दोन पिके निघतात हे शेतकऱ्यांना कळले.

युरोपात त्याची जी राक्षसी प्रतिमा झाली, ती मुख्यतः देशातून बाहेर पडलेल्या परदेशी लोकांनी रंगवलेली. १८१९ ते १८२५ या काळात तेथे अडकलेल्या रेंगर व लाँशाँ या स्विस डॉक्टरांचा वृत्तांत त्यातल्या त्यात भरवशाचा. रॉबर्टसन बंधू या स्कॉटिश व्यापाऱ्यांच्या लिखाणात राग अधिक. शेतकऱ्याची बाजू लिहून ठेवणारे तेव्हा कोणी नव्हते.

त्याने वारस नेमला नव्हता. काही महिन्यांच्या गोंधळानंतर १८४१ मध्ये कार्लोस आन्तोनिओ लोपेस व मारियानो रोके आलोन्सो हे कॉन्सल झाले. स्वातंत्र्याची औपचारिक घोषणा नोव्हेंबर १८४२ मध्ये झाली. अर्जेंटिनाने त्याला मान्यता देण्यास १८५२ साल उजाडले.