एसपीडी लावलाय म्हणून मेगर टेस्ट सोडायची? अजिबात नाही

वायरमन लोकांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय की बोर्डात एसपीडी (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) कायमचा बसवलेला असेल तर मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन तपासणारं मीटर) मारताच येत नाही, टेस्ट सोडून द्या. हे चूक आहे आणि धोक्याचंही, कारण खराब इन्सुलेशन मग तसंच राहून जातं.

खरा प्रकार असा की २७५ व्होल्ट एसीच्या एसपीडीतला व्हॅरिस्टर (व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं की करंट वाहू देणारा भाग) साधारण ४३० व्होल्ट डीसीला कंडक्ट व्हायला लागतो, त्यामुळे मेगरच्या नेहमीच्या ५०० व्होल्टला रीडिंग धाडकन खाली येतं आणि बिचाऱ्या चांगल्या वायरिंगवर नाव येतं.

बहुतेक बोर्डांतल्या एसपीडीचं कार्ट्रिज नुसतं ओढलं की बाहेर येतं, ते काढा, ५०० व्होल्टलाच टेस्ट करा, नंतर आठवणीनं परत बसवा. सॉकेटच्या आतच एसपीडी असेल आणि सोडवणं खरंच शक्य नसेल तर आयईसी ६०३६४-६ या वायरिंग तपासणीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डनुसार त्या सर्किटपुरतं २५० व्होल्ट डीसी चालतं, पण किमान १ मेगाओहम आलाच पाहिजे, तिथे सूट नाही! सप्लाय बंद करून फेज-न्यूट्रल एकत्र जोडा आणि अर्थशी मोजा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आरसीबीओ (करंट गळती आणि ओव्हरलोडला ट्रिप होणारा ब्रेकर), डिमर वगैरेंवर फेज-न्यूट्रलमध्ये टेस्टचं व्होल्टेज येत नाही. आणि रिपोर्टमध्ये २५० ला घेतलं हे लिहाच.