बोबडी वळते, जीभ वळत नाही

जत्रेतले नाटक रंगात आलेले असते. राजा तलवार उपसून उभा, आणि पुढचे वाक्य गायब. विंगेतून प्रॉम्प्टर जीव तोडून सांगतो, तरी राजा ‘प्रधानजी, प्रधानजी’वरच. प्रेक्षक खुशाल म्हणतात, बोबडी वळली. त्याला तोतरा मात्र कोणी म्हणत नाही. अडखळण्याचे प्रकार आपल्या भाषेने कधीपासून वेगळे ठेवले आहेत, एवढेच की वापरताना आपण ते एकात एक मिसळतो.

‘बोबडा’ हा शब्द 1290च्या ज्ञानेश्वरीत आहे. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला बाळाच्या बोबड्या बोलांनी आई रिझते, तो दाखला सर्वांच्या परिचयाचा. ते कौतुक आजच्या ‘बोबडकांदा’त उरले आहे. त्याच शब्दाला भीती चिकटली की ‘बोबडी वळणे’ होते.

‘गद्गद’चा प्रवास याहून गमतीचा. सुश्रुतसंहितेत मूक, मिन्मिण (नाकातून बोलणारा) आणि गद्गद हे तीन वाणीदोष एकत्र येतात. कफासह वायू शब्द वाहणाऱ्या धमन्या अडवतो, असे कारणही तिथे दिले आहे. म्हणजे गद्गद हा मुळात रुग्ण. मराठीने त्याला दवाखान्यातून उचलून कीर्तनात बसवले. आज कंठ दाटलेला माणूस गद्गद होतो, आणि त्यात कोणाला दोष दिसत नाही.

‘तोतरा’ला हे भाग्य लाभले नाही. शब्द नक्कलेतून आलेला दिसतो. ‘त त प प’ही तसेच. त दातांशी अडतो, प ओठांशी. व्याकरणात क ते म ही 25 व्यंजने स्पर्शवर्ण, कारण ती उच्चारताना तोंडातली श्वासाची वाट क्षणभर पूर्ण अडवावी लागते. तोतरेपणा स्वरांवरही येतो, पण कानाला लक्षात राहतात ते हे अडसर. क्रूर भाग असा की ज्याला त जड जातो त्याला स्वतःची अडचण सांगतानाच त दोनदा म्हणावा लागतो. पोर्तुगीजांनीही तेच केले आहे, त्यांचा तोतरा म्हणजे ‘गागो’. तिकडे ते आडनावही असते. 1922 मध्ये दक्षिण अटलांटिक विमानाने ओलांडणाऱ्या दोघांपैकी एक गागो कुतिन्यो.

अडखळणे, चाचरणे ही क्रियापदे. आज घडते, उद्या घडणार नाही. तोतरा हे विशेषण, ते माणसाला चिकटते. तोतरेपणा बहुधा वयाच्या 2 ते 5 वर्षांत सुरू होतो आणि बहुतेक मुलांचा आपोआप जातो. मोठ्यांमध्ये तो साधारण शंभरात एकाला असतो. पण चार वर्षांच्या पोराला ‘तोतऱ्या’ म्हटले की गाव ते सहजी विसरत नाही. माझ्या मते ‘तो चाचरतो’ एवढे पुरे. आणि ‘त’ म्हणता ताकभात ओळखणे ही हुशारी असेल, पण समोरचा चाचरत असताना त्याचा शब्द आपण पुरा करणे ही नुसती घाई.

‘कां कूं करणे’ वेगळे. तिथे जीभ ठीक असते, मन तयार नसते.

गोव्यात याशिवाय आणखी एक अडखळणे आहे. 1684च्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत स्थानिक बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला होता. मुक्तीनंतर, 1963 पासून पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. घरी कोंकणी, शाळेत मराठी. मूल ‘तो आयलो’ म्हणून थबकते, मग ‘आला’ म्हणते. याला ना भीती कारण, ना रोग. नेमका शब्दही नाही; ‘जीभ वळत नाही’ म्हणतात, तेच त्यातल्या त्यात जवळचे. भीतीने बोबडी वळते आणि परक्या ध्वनीवर जीभ वळत नाही, एकाच क्रियापदाचे दोन व्याप.

जीभ वळवून दाखवली ती 1579 मध्ये इंग्लंडहून इथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी. त्यांचे ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत. ट, ड, ण, ळ यांच्यासाठी त्या लिपीत अक्षरेच नव्हती. मग युक्ती काय, तर एकच अक्षर लागोपाठ दोनदा.