दूरग्रहण, एफएम (कोल्हापूर परिसर)

एफएम पट्ट्यातील (87.5 ते 108 मेगाहर्ट्‌झ) एरवी ऐकू न येणारी दूरची केंद्रे वातावरणाच्या विशेष स्थितीत, काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत, टिपण्याचा छंद व त्याचे तंत्र. हौशी श्रोते यास ‘डीएक्सिंग’ म्हणतात. ‘डीएक्स’ हा संक्षेप तारयंत्रचालकांच्या व्यवहारातून आला असे सामान्यतः मानले जाते.

नेहमीचा पल्ला : एफएमच्या लहरी साधारण 3 मी. लांबीच्या असतात. मध्यम लहरींप्रमाणे त्या रात्री आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतत नाहीत; बहुतांशी सरळ रेषेत जातात. हवेची घनता उंचीनुसार कमी होत असल्याने त्या किंचित खाली वाकतात, म्हणून रेडिओ क्षितिज डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा थोडे पुढे असते. प्रक्षेपण मनोरा 100 मी. व घरावरची अँटेना 10 मी. उंच धरल्यास हे अंतर सुमारे 54 किमी. भरते (4.12 गुणिले दोन्ही उंचींच्या वर्गमुळांची बेरीज). शक्तिशाली केंद्र त्यापलीकडेही खरखरीसह पोचते. परंतु कोल्हापूरपासून पणजी हवाई अंतराने सुमारे 140, पुणे 205 आणि मुंबई 300 किमी. आहे. ही केंद्रे स्वच्छ ऐकू येतात तेव्हा हवेत काहीतरी वेगळे घडलेले असते.

वातनलिका : हे ‘वेगळे’ म्हणजे बहुधा तापव्युत्क्रम. खालची हवा थंड व दमट, तिच्यावर उबदार व कोरड्या हवेची चादर. सामान्य स्थितीत हवेचा अपवर्तनांक दर किलोमीटर उंचीला सुमारे 40 एन एककांनी (एक एन एकक म्हणजे अपवर्तनांकातील दहा लाखांश फरक) घटतो. ही घट 157 एककांच्या पुढे गेली की लहर पृथ्वीच्या वक्रतेपेक्षा अधिक वाकते आणि त्या थरात (हीच ‘नलिका’) कोंडली जाऊन शेकडो किलोमीटर सरकत जाते. यात तापमानाइतकाच, किंबहुना अधिक, वाटा बाष्पाचा असतो. वरचा थर नुसता उबदार असून भागत नाही, तो कोरडाही हवा. नलिकेच्या जाडीचा मुद्दा सहसा दुर्लक्षिला जातो. 100 मेगाहर्ट्‌झची लहर पुरती कोंडायला सुमारे 200 मी. किंवा अधिक जाडीची नलिका लागते. समुद्रपृष्ठालगत बाष्पीभवनामुळे कायम असणारी नलिका फक्त काही दशक मीटर जाडीची असते. ती रडारच्या सूक्ष्मलहरींना पुरते, एफएमला नाही.

अरबी समुद्रावरील जाड नलिकांचा गाजलेला पुरावा दुसऱ्या महायुद्धातील आहे. मुंबईतील 200 मेगाहर्ट्‌झच्या रडारवर उन्हाळ्यात हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत आणि मान्सून सुरू झाला की ते नाहीसे होत.

कोल्हापूरचा प्रश्न : हीच सागरी नलिका कोल्हापुरापर्यंत येते काय, याचे उत्तर सरळ नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असून पश्चिमेला सह्याद्रीची धार आडवी आहे. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने तयार होणारी काही शे मीटरची नलिका या धारेखालीच अडते. गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर जे ऐकू येते ते शहरात येईलच असे नाही. एका स्पष्टीकरणानुसार पणजीची केंद्रे धारेवरून होणाऱ्या विवर्तनाने (लहर कडेवरून वळण्याने) व वाढीव अपवर्तनाने येतात. समुद्रावरची नलिका त्यात फक्त अर्धी वाट देते. दुसऱ्यानुसार एप्रिल-मेमध्ये समुद्रावरील व्युत्क्रम किलोमीटरभर वा अधिक उंचीवर असतो व तो थर पठारावरही पसरतो. मुंबईचा मार्ग सह्याद्रीला जवळजवळ समांतर जात असल्याने त्या दिशेला दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, पणजीसाठी पहिले. पुण्याचे मात्र यातून वेगळे काढावे लागते. तो मार्ग पूर्णपणे पठारावरचा आहे आणि तेथे हिवाळी रात्रींचा, जमीन थंड होऊन तयार होणारा व्युत्क्रम पुरेसा आहे.

काळ व खुणा : डिसेंबर ते फेब्रुवारीत निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, मार्च ते मेमध्ये सूर्यास्तानंतर. मान्सूनमध्ये हवा सतत घुसळली जाते, तेव्हा अपेक्षा ठेवू नये. पंचगंगेच्या खोऱ्यात धुके साचणे ही चांगली खूण. त्याहून भरवशाची खूण गुऱ्हाळांच्या धुराची : धुरांड्यातला धूर सरळ वर न चढता एका उंचीवर आडवा पसरला, की तेथे व्युत्क्रमाचे छत आहे. आकड्यांत पाहायचे तर हवामान खात्याच्या मुंबई व गोवा येथील फुग्यांची सकाळी 5.30 व सायंकाळी 5.30 ची निरीक्षणे तपासावीत.

उंच जागा नेहमी चांगली असे नाही. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपेक्षा सुमारे 400 मी. उंच आहे. उन्हाळ्यात तो उपयोगी. हिवाळ्याच्या पहाटे मात्र जमिनीलगतची नलिका खालीच राहते आणि गडावरचा श्रोता तिच्या वर, बाहेर, बसलेला असतो.

वारंवारता : मुंबईची 100.7 व 107.1, पुण्याची 101.0, पणजीची 105.4, बेंगळुरूची 101.3 ही आकाशवाणीची केंद्रे शोधायला सोयीची. बेंगळुरूचे 102.9 कोल्हापूर आकाशवाणीच्या 102.7 शेजारी असल्याने अरुंद फिल्टरशिवाय (शेजारची वारंवारता गाळणाऱ्या घटकाशिवाय) निघत नाही, हैदराबादच्या 102.8 ची आशा शहरात सोडावी. 98.3 वर पुणे-मुंबईचा शोध व्यर्थ, कारण तेथे स्थानिक केंद्र आहे. एफएम ग्राहक (रेडिओ संच) दोन संकेतांतील किंचित जोरदार संकेत पकडतो व दुसरा दाबून टाकतो. त्यामुळे दोन दूरची केंद्रे एकाच वारंवारतेवर असल्यास ती मिसळत नाहीत, आलटून-पालटून उमटतात. विविधभारतीचा कार्यक्रम सर्वत्र सारखाच, म्हणून ओळख पटवायला स्थानिक जाहिराती, शहराचे नाव किंवा प्रादेशिक बातम्या ऐकूनच नोंद करावी.

खोटी मुंबई : ही कोल्हापुरातली सर्वांत मोठी फसगत. ग्राहकात स्थानिक केंद्रांचे संकेत फार जोरात शिरले की त्यांची मिश्रणे तयार होतात. 102.7 ची दुप्पट वजा 98.3 म्हणजे 107.1, अर्थात नेमकी मुंबईची जागा. तसेच 98.3 ची दुप्पट वजा 94.3 (तेही स्थानिक केंद्र) म्हणजे 102.3. अशा आवाजात दोन्ही केंद्रे फाटक्या स्वरात एकत्र ऐकू येतात. तपासणी सोपी आहे : अँटेनाच्या वायरीत 10 डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (संकेत क्षीण करणारा जोड) घालावा. खरे केंद्र 10 डेसिबलने मंदावते, मिश्रण सुमारे 30 ने, म्हणजे जवळजवळ नाहीसे होते. टीव्हीचा बूस्टर लावल्यास हा दोष वाढतोच. शहरात तो काढून टाकणे हाच उपाय. जुन्या 10.7 मेगाहर्ट्‌झ मध्यवारंवारतेच्या (संकेत संचाच्या आत ज्या ठरावीक वारंवारतेवर आणला जातो ती) संचांवर 21.4 मेगाहर्ट्‌झ अधिक वारंवारतेवरची विमान-संभाषणेही पट्ट्यात डोकावतात. उजळाईवाडी विमानतळाजवळ हे लक्षात ठेवावे.

साधने : मोबाईलमधील रेडिओ इअरफोनची वायर अँटेना म्हणून वापरतो, त्यामुळे दिशा साधता येत नाही. तीन दांड्यांची यागी (एका दिशेचे संकेत अधिक घेणारी) अँटेना घरी करता येते. 98 मेगाहर्ट्‌झसाठी 10 ते 12 मिमी. अ‍ॅल्युमिनियम नळी घ्यावी. मागची दांडी 1.53 मी., मधला दुमडलेला द्विध्रुव (वायर जोडायची दांडी) 1.45 मी., पुढची 1.38 मी., दांड्यांमधील अंतर सुमारे 60 सेंमी. द्विध्रुव साधा ठेवल्यास शेजारच्या दांड्यांमुळे त्याचा रोध 20-30 ओहमपर्यंत उतरतो व 75 ओहमच्या आरजी-6 वायरीशी (टीव्हीच्या केबलशी) जुळत नाही. दुमडल्याने तो चौपट होतो, म्हणून हा खटाटोप. मुंबई कोल्हापूरच्या उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे 29 अंशांवर, पुणे 11 अंशांवर आहे. एवढ्या फरकावर तीन दांड्यांची अँटेना त्यांना वेगळे करू शकत नाही. पणजी मात्र विरुद्ध बाजूला, दक्षिणेपासून पश्चिमेकडे सुमारे 19 अंशांवर, असल्याने सहज वेगळी पडते. ग्राहकासाठी टीईएफ6686 चिपचे छोटे संच किंवा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा ग्राहक) चालते. जुन्या संचात 280 किलोहर्ट्‌झऐवजी 150 किंवा 110 किलोहर्ट्‌झचा सिरॅमिक फिल्टर बसवावा. स्टिरिओ बंद ठेवल्यास खरखर लक्षणीय घटते. वळवाच्या दिवसांत ढग दाटू लागताच, गडगडाटापूर्वीच, वायर संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी.

नोंदवहीत दिनांक, भारतीय प्रमाणवेळ, वारंवारता, अँटेनाची दिशा, ऐकलेला मजकूर व आकाशस्थिती लिहावी. काही ऐकू न आलेल्या पहाटेही नोंदवाव्यात, अन्यथा हवेचा व ग्रहणाचा संबंध तपासता येत नाही.

अन्य मार्ग : सुमारे 100 ते 110 किमी. उंचीवरील विरळ ई थरावरून (आयनांबरात अधूनमधून तयार होणाऱ्या दाट आयनित पट्ट्यांवरून) 2,000 किमी. पर्यंतचे ग्रहण समशीतोष्ण प्रदेशांत उन्हाळ्यात होते; आपल्या अक्षांशांवर ते 100 मेगाहर्ट्‌झपर्यंत क्वचितच चढते. उल्कांच्या आयनित वाटेवरून, विशेषतः 13-14 डिसेंबरच्या मिथुन उल्कावर्षावात, दूरच्या केंद्राचा क्षणभर ते काही सेकंद टिकणारा तुकडा पट्ट्यातील रिकाम्या जागी येतो.