विमानाची कन्नी

पतंगाची कन्नी चुकली की मांजा कितीही भारी असो, पतंग गिरक्याच घेतो. संक्रांतीला कन्नी दोनदा मोजून बांधणाऱ्या पोरांना कंट्रोल लाइन विमानाचं निम्मं गणित आधीच येतं.

या मॉडेल विमानाला रिमोट नसतो. मूठ धरून माणूस मधोमध उभा, मुठीपासून विमानापर्यंत पोलादाच्या दोन बारीक तारा, आणि तिवड्याभोवती बैल फिरावा तसं विमान त्याच्याभोवती फिरतं. मनगट कलतं तशी विमानाच्या पोटातली बेलक्रँक (तारा जोडलेली फिरती पट्टी) फिरते, शेपटीचा एलेव्हेटर (विमानाला वरखाली नेणारी झडप) वरखाली होतो. जिम वॉकरनं १९४० च्या दशकात अमेरिकेत हा खेळ लोकप्रिय केला. मी तो परभणीजवळच्या रानात, सोयाबीन निघाल्यावर खेळतो. (वर महावितरणची तार असेल तिथं चुकूनही नको.)

माझं पहिलं विमान नाक आत, माझ्याकडं वळवायचं. मग तारा ढिल्या पडायच्या आणि एलेव्हेटर मेल्यासारखा. बघ्यांचं एकमत झालं, "ती बेलक्रँकची पट्टी मागं सरकवा की." एकानं तर आतल्या पंखाला लिंबू-मिरची बांधली. बाहेरच्या पंखाच्या टोकाला बांधली असती तर तारांचं वजन तोलायला लिंबाचं वजन तरी कामी आलं असतं!

पट्टी सरकवून नाकाची दिशा बदलत नाही. तारा विमानातून बाहेर पडतात त्या आतल्या पंखाच्या टोकाच्या गाइडमधून (तारा ओवायच्या नळ्यांमधून). विमानाच्या दृष्टीनं ओढ तिथूनच लागते. पट्टी आणि गाइड दोन्ही त्याच विमानाला जोडलेले, त्यांची आपसातली ओढाताण घरातच मिटते.

मग गाइड नेमका कुठं हवा? १.५ किलोचं विमान, वेग सेकंदाला २५ मीटर, तार २० मीटर. अभिकेंद्री बल साधारण ४७ न्यूटन, म्हणजे हातात पाचेक किलोची ओढ. हवा तारांनाही मागं रेटते. मुठीजवळ तार जेमतेम हलते, विमानाजवळ सुसाट जाते. म्हणून त्या रेट्याचा पाऊण हिस्सा विमानावर येतो. ०.३८ मिलिमीटरच्या दोन तारांसाठी तो सुमारे १.६ न्यूटन. १.६ भागिले ४७ म्हणजे ०.०३४, तार टोकापाशी जवळपास २ अंश मागं कलते. पंखाचं टोक गुरुत्वमध्यापासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर ७० गुणिले ०.०३४, गाइड गुरुत्वमध्याच्या २.४ सेंटिमीटर मागं. गंमत अशी की वेग वाढला तर ओढ आणि रेटा दोन्ही वर्गाच्याच पटीत वाढतात, कोन तोच राहतो. बदलतो तो वजनानं आणि तारेच्या जाडी-लांबीनं. गाइड याहून पुढं असला की नाक आत. फार मागं असला की विमान खेकड्यासारखं तिरकं पळतं.

म्हणून गाइड सरकता हवा. पंखाच्या टोकात प्लायवूडची पट्टी चिकटवून तिला ४ सेंटिमीटरची लांबट खाच पाडायची. खाचेत सरकणारी छोटी पट्टी, तिला दीडेक सेंटिमीटर अंतरावर दोन पितळी नळ्या, आणि मधोमध ३ मिलिमीटरचा स्क्रू-नट. नळ्यांची तोंडं घासून गोल करा, नाहीतर तिथंच तार कापते.

परवा मी ०.४६ मिलिमीटरची तार लावली. नट ढिला केला, गाइड अर्धा सेंटिमीटर मागं घेतला, पुन्हा आवळला. डिंक उकरायची वेळ आली नाही.