फ्रेंच आत्मवाचक क्रियापदांचा भूतकाळ : एका नियमाची पार्श्वभूमी

आत्मवाचक म्हणजे कर्त्याची क्रिया स्वतःवरच वळवणारी क्रियापदं. वर्तमानकाळात ती फारशी कुणाला छळत नाहीत. 'झ म लाव्ह' (मी स्वतःला धुतो), 'तू त लाव्ह' (तू स्वतःला धुतोस) हे पाठ झालं की गाडी चालू लागते. खरी अडचण आहे ती भूतकाळाची, आणि तीही बोलण्यात कमी, लिहिण्यात जास्त.

'एल से लाव्हे' म्हणजे तिने स्वतःला धुतलं. इथे 'लाव्हे' या धातुसाधिताच्या, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या भूतकाळी रूपाच्या, शेवटी स्त्रीलिंगाचं जादा 'ई' हे अक्षर लागतं. 'एल से लाव्हे ले मँ' म्हणजे तिने हात धुतले. इथे ते अक्षर लागत नाही. 'ले मँ केल से लाव्हे' म्हणजे तिने धुतलेले हात. इथे पुन्हा अक्षरं येतात, पण तिच्यामुळे नव्हे तर हातांमुळे, कारण 'मँ' स्त्रीलिंगी आणि इथे अनेकवचनी आहे. तिन्ही ठिकाणी उच्चार मात्र 'लाव्हे' एवढाच. कानाला न कळणारा हा फरक कागदावर आला कुठून?

फार मागे जायचं कारण नाही. संस्कृतात आत्मनेपद जे काम करी, तसलं काम फ्रेंचची जननी असलेल्या लॅटिनमध्ये बऱ्याच अंशी कर्मणी प्रत्ययांकडे होतं. ते प्रत्यय बोलीतून झिजत गेले आणि 'से' (स्वतःला; फ्रेंचमध्ये 'स') हे सर्वनाम त्यांची जागा घेत गेलं. जुन्या फ्रेंचमध्ये अशा क्रियापदांच्या भूतकाळासाठी बहुतेक वेळा 'एत्र' (असणे) हे सहाय्यक क्रियापद येई, काही वेळा 'आव्ह्वार' (जवळ असणे) देखील. 'एत्र' आलं की धातुसाधित साधारणपणे कर्त्याप्रमाणे चाले. मराठी वाचकाला सोयीच्या भाषेत सांगायचं, तर हा सरळ कर्तरी प्रयोग होता.

'आव्ह्वार' लागणाऱ्या क्रियापदांचं प्रकरण वेगळं. सोळाव्या शतकात, 1530च्या दशकात, फ्रान्सच्या एका दरबारी कवीने इटालियनचा दाखला देत एक छोटी कविता लिहिली. कर्म आधी आलं तर धातुसाधित त्याच्याप्रमाणे बदलावं, नंतर आलं तर बदलू नये, असा तिचा मथितार्थ. आपल्याकडे 'तिने पोळी खाल्ली', 'तिने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग कर्म कुठेही बसलं तरी तसाच राहतो, त्यामुळे त्याचं नवल वाटत नाही. फ्रेंचमध्ये मात्र सगळं जागेवर अवलंबून ठेवलं गेलं. 1647 साली दरबारी बोलण्याचे दंडक टिपणाऱ्या एका गाजलेल्या संग्रहात धातुसाधितांवर सविस्तर टिपण आहे, आणि त्यात 'आम्ही स्वतःला मालक करून घेतलं' अशा आत्मवाचक वाक्यांचाही काथ्याकूट आहे. लिहिणाऱ्यांमध्ये तेव्हा एकवाक्यता नव्हतीच.

निर्णायक वळण आलं 1660मध्ये. पॅरिसजवळच्या एका मठाशी संबंधित दोन विद्वानांनी तर्कावर उभारलेलं व्याकरण प्रसिद्ध केलं. त्यात त्यांचं म्हणणं असं की आत्मवाचक वाक्यात दिसतं 'एत्र', पण ते आलेलं असतं 'आव्ह्वार'च्या जागी. म्हणजे प्रयोग वरून कर्तरी, आतून कर्मणी. मग 'ले मँ' हे कर्म, ते धातुसाधितानंतर आहे, म्हणून बदल नाही. नुसतं 'एल से लाव्हे' असेल तर 'से'तला 'स' हेच कर्म ('से' म्हणजे 'स' अधिक 'एत्र'चं रूप 'ए'), ते आधी आहे, म्हणून बदल. विचार म्हणून हे चोख आहे. पण भाषा डोळ्यांसमोर 'एत्र' वापरत असताना तिला तू मनातून 'आव्ह्वार' वापरतेस असं सांगण्यासारखं ते आहे, आणि त्याची किंमत पुढच्या साडेतीनशे वर्षांतल्या विद्यार्थ्यांनी मोजली.

हे अपरिहार्य नव्हतं, हे शेजारी पाहिलं की कळतं. स्पॅनिशने आत्मवाचकांनाही 'आबेर' म्हणजे 'आव्ह्वार'चाच भाऊ दिला आणि धातुसाधित गोठवून टाकलं : 'मारिया से आ लावादो लास मानोस'. इटालियनने 'एस्सेरे' ठेवलं आणि धातुसाधित कर्त्याला जोडलं : 'मारिया सि ए लावाता ले मानी'. दोन्ही वाटा सरळ आहेत. फ्रेंचने इटालियनचं सहाय्यक ठेवून 'आव्ह्वार'चा नियम लावला. लहान फ्रेंच मुलं आजही 'झ मे फे माल' (मी स्वतःला लागून घेतलं) असं 'आव्ह्वार' लावून बोलून जातात आणि मोठी माणसं त्यांना 'झ म सुई' अशी दुरुस्ती सांगतात. जो 'आव्ह्वार' बोलताना चूक, तोच शुद्धलेखनात गृहीत धरायचा, हे त्या मुलांना पुढे शाळेत शिकावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात हा विद्वानांचा विचार घराघरांत गेला. 1833च्या कायद्याने गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, 1881-82च्या कायद्यांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि श्रुतलेखन हा परीक्षेचा कणा बनला. 'काय?' असा प्रश्न विचारून कर्म शोधायचं, हे तंत्र तेव्हापासूनचं. तरी अपवाद उरलेच. 'एल स सों पार्ले' (त्या एकमेकींशी बोलल्या) बदलत नाही, कारण बोलतात ते कुणाशी तरी. 'एल से एव्हान्वी' (तिला भोवळ आली) बदलतं, कारण हे क्रियापद सर्वनामाशिवाय वापरातच नाही आणि 'स' तिथे कर्म आहे की नाही हा प्रश्नच गैरलागू ठरतो. 'एल से राँद्यू कोंत' (तिच्या लक्षात आलं) यात 'कोंत' हेच कर्म, म्हणून बदल नाही. इथे फ्रान्समधले सुशिक्षितही सर्रास चुकतात.

सरकारने हात घालून पाहिला. 31 जुलै 1900च्या आदेशाने 'आव्ह्वार'सोबतचं धातुसाधित सरसकट न बदललेलं चालेल अशी परीक्षेपुरती सूट दिली. भाषेची राखण करणाऱ्या पॅरिसच्या जुन्या संस्थेने विरोध केला आणि 26 फेब्रुवारी 1901च्या सुधारित आदेशात ती सूट पुढे दुसरं क्रियापद येत असेल तेवढ्यापुरती उरली. ही माघार नसती, तर 'आव्ह्वार'च्या तर्कावर टेकलेला आत्मवाचकांचा नियमही फार काळ तगला नसता असं मला वाटतं. 1976मध्ये पुन्हा काही सवलती आल्या. 6 डिसेंबर 1990 रोजी राजपत्रात छापलेल्या शिफारशींनी एक छोटी गाठ सोडवली : 'लेसे'पुढे दुसरं क्रियापद आलं की बदल नाही, आत्मवाचकातही नाही. म्हणून 'एल से लेसे मुरीर' आता जादा अक्षराशिवाय लिहिता येतं.

2018च्या सप्टेंबरात बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी एका फ्रेंच दैनिकात मागणी केली की 'आव्ह्वार'सोबत धातुसाधित कधीच बदलू नये आणि 'एत्र'सोबत ते कर्त्याप्रमाणे चालावं. आत्मवाचकांना हे लावलं तर हात धुणारी बाई इटालियन मारियासारखीच लिहिली जाईल. फ्रान्समध्ये टीका जोरदार झाली आणि अधिकृत नियम जागचा हलला नाही. पुण्यात किंवा ठाण्यात फ्रेंच घेऊन बसलेल्या अकरावीच्या मुलीला म्हणूनच आजही आधी 'काय धुतलं?' असं विचारावं लागतं, उत्तर धातुसाधिताच्या आधी आहे की नंतर ते पाहावं लागतं, आणि मगच तिला शेवटच्या अक्षराचा निर्णय घेता येतो.