पीएचपीत मेथड स्टॅटिक कधी करायची आणि कधी नाही

पीएचपी या वेबसाइट बनवायच्या प्रोग्रामिंग भाषेत क्लास (ज्यावरून ऑब्जेक्ट बनतात ती रचना) शिकल्यावर बऱ्याच जणांना स्टॅटिक मेथड, म्हणजे थेट क्लासवरून बोलावता येणारं फंक्शन, फार आवडायला लागते, कारण ऑब्जेक्ट बनवायची कटकटच नाही, क्लासचं नाव, डबल कोलन, मेथडचं नाव, झालं काम. पण हे सोयीवर ठरवू नका. त्या मेथडला कुठल्यातरी एका ऑब्जेक्टचा डेटा लागतो का, एवढंच बघा.

समजा बँकेच्या खात्याचा क्लास लिहिलाय. पैसे काढायच्या मेथडला शिल्लक बघावी लागते आणि शिल्लक प्रत्येक खात्याची वेगळी, मग ती साधी, ऑब्जेक्टवरून बोलावायची इन्स्टन्स मेथडच हवी, आत डॉलर-धिस (म्हणजे ‘हाच ऑब्जेक्ट’) वापरून. आता आयएफएससी कोडचा साचा बरोबर आहे का ते तपासणारी मेथड घ्या. एकूण 11 अक्षरं, पहिली 4 बँकेची, मग शून्य, उरलेली 6 शाखेची. कोड दिला की उत्तर मिळतं, खातं कुणाचं याच्याशी काही घेणंदेणं नाही, ही बिनधास्त स्टॅटिक करा.

पीएचपी 5 मध्ये याबाबत फारच ढिलाई होती. साधी मेथड डबल कोलनने बोलावली तरी चालायची, आणि ती दुसऱ्याच क्लासच्या ऑब्जेक्टमधून बोलावली असेल तर आतलं डॉलर-धिस चक्क त्या दुसऱ्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवायचं! असला बग शोधणं म्हणजे खरंच छळ. 2015 च्या पीएचपी 7 मध्ये डॉलर-धिसचं असं दुसरीकडे बोट दाखवणं बंद झालं, स्टॅटिक नसलेली मेथड डबल कोलनने बोलावली की डेप्रिकेटेडची (‘हे आता वापरू नका’ अशी) सूचना यायला लागली, आणि 2020 च्या पीएचपी 8 पासून सरळ एररच येते. जुना प्रोजेक्ट अपग्रेड करताना बरेच कोड इथेच अडकतात, तेव्हा एररच्या जागी घाईने स्टॅटिक शब्द चिकटवू नका, आधी आत डॉलर-धिस आहे का बघा, असेल तर ऑब्जेक्टच बनवावा लागेल.

माझ्या मते खरा धोका स्टॅटिक मेथडपेक्षा स्टॅटिक प्रॉपर्टीत (क्लासवरच ठेवलेल्या डेटात) जास्त आहे, कारण ती सगळ्या ऑब्जेक्टमध्ये एकच असते. नेहमीच्या वेबसाइटवर रिक्वेस्ट संपली की ती पुसली जाते म्हणून काही कळत नाही, पण तोच कोड तासन्‌तास चालणाऱ्या क्यू वर्करमध्ये (रांगेतली कामं, म्हणजे जॉब, एकामागून एक करणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकला की आधीच्या जॉबमधला युजर पुढच्या जॉबमध्येही तसाच बसलेला सापडतो, आणि एका माणसाची माहिती दुसऱ्याला जाऊ शकते. त्यामुळे लॉगिन केलेला युजर, निवडलेली भाषा असलं काही स्टॅटिकमध्ये ठेवूच नका, ऑब्जेक्टमध्ये ठेवा आणि जिथे लागेल तिथे कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमधून) द्या.